कौतिकभाऊचा हात आणि एकशेपस्तीसची लेन्स

फैजपुरात माणूस गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं आधार कार्ड कौतिक तायडेच्या स्टुडिओत येतं. आणणारा बहुधा जावई किंवा पुतण्या असतो, कारण मुलं रडण्यात आणि भाऊबंद निरोप धाडण्यात गुंतलेले असतात. त्याला संध्याकाळच्या आत फ्रेम हवी असते आणि चौकात लावायला बॅनर हवा असतो. कार्डावरचा फोटो नखाएवढा. त्यात माणूस असा दिसतो की त्याला नुकतंच झोपेतून उठवून पोलीस ठाण्यात नेलंय. "हाच मोठा करा," जावई म्हणतो. मागे ढग टाका, कमळ टाका, कपाळावरच्या आठ्या काढा, रंग जरा उजळ करा. आधार कार्डाच्या आधी मतदान कार्ड यायचं. त्याच्याही आधी कुणाच्या तरी हळदीतला गर्दीचा फोटो यायचा आणि त्यातलं मागच्या रांगेतलं अर्धं डोकं दाखवून लोक म्हणायचे, हे आमचे आबा. कौतिकभाऊचं उत्तर मात्र तेव्हापासून आजपर्यंत एकच आहे. "जित्ता होता तव्हा कुठी गेले होते रे तुम्ही?"

एवढं बोलून तो कार्ड हिसकावून घेतो आणि काम करून देतो.

असल्या तोंडाच्या माणसाकडे गिऱ्हाईक येतंच कसं, असं नवख्याला वाटेल. ते येतं हातामुळे. कौतिकभाऊचा हात हलत नाही, ही यावल तालुक्यात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट होती. लोडशेडिंगच्या दिवसांत लग्नघरात अंधार पडला की बाकीचे फोटोग्राफर फ्लॅश मारून नवरीचा चेहरा भिंतीसारखा पांढरा करायचे. कौतिकभाऊ मात्र होता तेवढ्या उजेडात, श्वास रोखून, एकशेपस्तीस मिलिमीटरची जुनी लोखंडी लेन्स धरून फोटो काढायचा आणि पापणीचा केसन्‌केस मोजून घ्यावा असा यायचा. ती लेन्स त्याने भुसावळच्या एका निवृत्त रेल्वेवाल्याकडून घेतली होती. पहूरच्या तोताराम गुरुजींचा त्याने खिडकीच्या उजेडात काढलेला फोटो तर लोक मुद्दाम बघायला जायचे. गुरुजी गेल्यावर तोच फोटो हार घालून भिंतीवर लागला आणि कौतिकभाऊचं नाव जामनेर तालुक्यातही झालं. कॅमेरा स्टँडवर लावणाऱ्याला तो फोटोग्राफरच मानत नसे. स्टँड म्हणजे म्हाताऱ्याची काठी, असं तो चारचौघांत म्हणायचा.

आणि मग त्याचाच हात हलायला लागला.

उजवा हात. आधी सही करताना, मग चहा घेताना. कौतिकभाऊने चहा बशीत ओतणं सोडलं, कप अर्धाच भरून मागायला सुरुवात केली, आणि बायको लताबाईने विचारलं की डॉक्टरांनी साखर कमी सांगितलीय म्हणायचा. हाताभोवती कॅमेऱ्याचा पट्टा इतका घट्ट गुंडाळायचा की बोटं निळी पडायची. मे महिन्यात, केळीची पानं उभ्या उभ्या करपत असताना, हाताला गारठा लागलाय असंही त्याने एकदोघांना सांगून पाहिलं. त्यांनी मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठच थरथरत होती, तर झाकणार किती!

जळगावला डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, कारण जळगावच्या प्रत्येक दवाखान्याच्या बाकावर फैजपूरचं कुणी ना कुणी बसलेलं असतंच. म्हणून तो लेन्स दुरुस्तीचं निमित्त करून थेट धुळ्याला गेला. तिथल्या डॉक्टरने त्याला कागदावर वळणावळणाची रेघ काढायला लावली, हात पुढे धरायला लावले आणि सांगितलं की घाबरण्यासारखं मोठं दुखणं नाही, हा घराण्यातून येणारा कंप असतो, गोळीने थोडा दबेल पण जाणार नाही. वडिलांचा हात हलायचा का, असं डॉक्टरने विचारलं. कौतिकभाऊ नाही म्हणाला. वडिलांचा हात हलायचा, आणि लहानपणी तो त्यावर हसलाही होता.

मग कुठून तरी त्याच्या कानावर आलं की नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत हात हलला तरी फोटो हलत नाही. तो तडक जळगावला गेला. दुकानातल्या बन्सीलालने त्याला सगळं नीट समजावलं. कॅमेऱ्याच्या आत, जिथे पूर्वी फिल्म असायची तिथला सेन्सर आता चुंबकांवर तरंगता ठेवलेला असतो. तुमचा हात डावीकडे गेला की तो तेवढाच उजवीकडे सरकतो. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई पाय कसेही पडले तरी मान सांभाळते, तसंच. बन्सीलालने एक भलीमोठी जुनी लेन्स कॅमेऱ्याला लावून रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरं दाखवली. कौतिकभाऊने कॅमेरा हातात घेतला, हात त्याच्या सवयीने थरथरला, आणि डोळ्यापुढची अक्षरं दगडात कोरल्यासारखी जागच्या जागी उभी राहिली. त्याला दुकानातच रडू येईल असं वाटलं. बन्सीलाल पुढे आणखीही काही सांगत होता, जुन्या लेन्सबद्दल, मेनूत टाकायच्या आकड्याबद्दल. कौतिकभाऊने हो हो म्हणून मान हलवली. दुकानदाराला एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं, आणि ते त्याने जन्मात केलेलं नव्हतं.

दुकानात दाखवला तोच कॅमेरा घेऊन तो परतला. गावात त्याने सांगितलं की जमाना बदललाय, म्हणून घेतला.

कॅमेऱ्यासोबत आलेल्या नव्या लेन्सने लग्नं छान निघाली. कौतिकभाऊ घरात गुणगुणायला लागला, तेव्हा लताबाईला काळजी वाटली. पण नवी लेन्स त्याला मनातून आवडत नव्हती. प्लॅस्टिकची, हलकी, सगळं आपणच ठरवणारी. त्याने एक जोडकडी, म्हणजे अडॅप्टर, मागवली आणि आपली एकशेपस्तीस नव्या कॅमेऱ्यावर बसवली. समोर लताबाई मेथी निवडत बसली होती. तिचे चारपाच फोटो काढले आणि पाहिले. सगळे हललेले. नुसते हललेले नाहीत, दोन दोन लताबाया दिसाव्यात इतके.

त्या दिवसापासून घरात कुणाला सुख राहिलं नाही. कौतिकभाऊने जोडकडीला शिव्या घातल्या, मग ती बनवणाऱ्याला, मग उजेडाला, मग रस्त्यावरून जाणाऱ्या केळीच्या ट्रकांना, कारण ते गेले की घर हादरतं. लताबाईला म्हणाला की तुला एक मिनिट गप बसवत नाही. ती म्हणाली की मेथी गप बसून निवडायची कशी ते दाखवा. नाचता येईना अंगण वाकडं, हे बोलायचं तिने टाळलं, पण तिच्या तोंडावर ते वाचता येत होतं.

मुलगी साक्षी त्याच्यासोबतच काम करायची. बी.एस्सी. झालेली, लग्नांचे व्हिडिओ आणि कॉम्प्युटरवरचं सगळं तीच बघायची. ती म्हणाली की पप्पा, द्या इकडे, सेटिंग बघते. यावर कौतिकभाऊ असा काही भडकला की तिने पुन्हा विषय काढला नाही. त्याच्या कॅमेऱ्याच्या मेनूत कुणी हात घालायचा नाही, हा त्याचा कायदा होता. पहिल्या दिवशी तारीख आणि वेळ लावून त्याने तो मेनू जो बंद केला होता, तो पुन्हा उघडलेला नव्हता. शिवाय त्याला सेटिंग बघण्याची गरजच वाटत नव्हती. त्याला कारण माहीत होतं. एवढं महागडं यंत्र ज्याला सांभाळू शकत नाही, इतका आपला हात गेलाय, हे त्याने मनाशी नक्की केलं होतं.

अशातच पहूरहून रुपचंदचा फोन आला. रुपचंद हा तोताराम गुरुजींचा मुलगा, एस.टी.तून निवृत्त झालेला. आईला फ्रेमचा फोटो काढून हवा होता. कुणी मेलेलं नव्हतं. सुंदरबाई चांगली जिवंत होती, आणि तिनेच हट्ट धरला होता की मी जिती शे तवच काढी ल्या, नाहीतर मागून आधार कार्ड घेऊन पळाल. तीस वर्षांत पहिल्यांदा कौतिकभाऊच्या मनासारखं गिऱ्हाईक भेटलं होतं, आणि ते आत्ताच भेटायचं होतं. अट एकच होती. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळे फ्लॅश चालणार नाही, गुरुजींचा काढला तिथेच, त्याच खिडकीच्या उजेडात काढायचा.

नाही म्हणायला तोंड उघडून कौतिकभाऊ हो म्हणाला.

साक्षीने व्हॅन काढली आणि दोघं भुसावळ, जामनेर करत पहूरला पोचले. साक्षीने स्टँड सोबत घेतलेला पाहून तो वाटेत तासभर तिच्याशी बोलला नाही. सुंदरबाई खिडकीपाशी पांढरं पातळ नेसून तयार बसलेली होती. माहेर धुळ्याकडचं, आणि उभा जन्म पहूरमध्ये जाऊनही तिची बोली तिकडची, अहिराणीच राहिली होती. रुपचंद मागे उभा राहून सूचना देत होता. आई, ताठ बस. आई, हलू नको. आई, हनुवटीला हात लाव म्हणजे बरं दिसेल. तिने हनुवटीखाली मूठ धरली, दुसऱ्या हाताने पदर आवळला आणि ती तशीच बसून राहिली. कौतिकभाऊही सवयीने म्हणाला, अक्का, हलू नका. त्याने श्वास रोखला, कोपर पोटाला दाबलं, पट्टा आवळला आणि फोटो काढत गेला. त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या हाताकडे होतं.

मागच्या पडद्यावर पाहिलं तेव्हा एकही फोटो धड नव्हता. खिडकी हललेली, भिंत हललेली, सुंदरबाई हललेली. रुपचंद मान लांब करून बघायला आला, तसा कौतिकभाऊने कॅमेरा बंद केला आणि सांगितलं की आज उजेड बरोबर नाही, पुन्हा येऊ. बाहेर चैत्राचं ऊन भांडं उलथल्यासारखं सांडलेलं होतं. रुपचंदने एकदा आकाशाकडे बघितलं आणि चहा ठेवायला सांगितलं.

परतताना जामनेरच्या पुढे कौतिकभाऊने जाहीर केलं की स्टुडिओ बंद करायचा. लोकांना मोबाइल पुरतो, आपली कुणाला गरज राहिली नाही, तू जळगावात नोकरी बघ. घरी आल्यावर साक्षीने कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि कॉम्प्युटर लावला. तो ओरडला, पण त्या ओरडण्यात दम नव्हता, आणि तिने तो जुमानलाही नाही. तिने पहूरचे फोटो एका बाजूला लावले आणि मागच्याच आठवड्यातलं लग्न दुसऱ्या बाजूला.

"पप्पा, हे लग्न तुम्हीच काढलंय ना? याच हातानं?"

"याच हातानं म्हंजे?"

"तुमचा हात हलतो, पप्पा. मला माहीत आहे."

कौतिकभाऊने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. लताबाई तिथे उभी होती. तिने शांतपणे सांगितलं की तुम्ही बशीतला चहा सोडला तेव्हापासून तिला माहीत आहे, आणि धुळ्याच्या गोळीची पट्टी सदऱ्याच्या खिशात राहिली होती ती धुताना निघाली. मग समोरच्या कटलरीवाल्याला माहीत आहे, हेही तिने सांगितलं. पानवाल्याला माहीत आहे. बुद्धविहारात बसणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही, कारण तुम्ही अंगावर येता.

एवढा आटापिटा! गारठा, साखर, पट्टा, धुळ्याची फेरी. अख्ख्या गावाने आपल्याला सांभाळून घेतलं, याचा त्याला भयंकर राग आला. कुणीतरी एकाने तोंडावर बोलून दाखवलं असतं तर त्याने त्याला झोडपलं असतं आणि मोकळा झाला असता.

साक्षीला त्याच्या रागाशी काही देणंघेणं नव्हतं. तिचं म्हणणं वेगळंच होतं. हात तोच, कॅमेरा तोच, मग नव्या लेन्सचे फोटो स्थिर आणि जुन्या लेन्सचेच तेवढे हललेले, असं कसं? तिने कायदा मोडून मेनू उघडला आणि त्याच्या पोटात खोल कुठेतरी असलेली एक ओळ शोधून काढली. तिथे लिहिलं होतं चारशे.

मग तिने त्याला समजावलं. नवी लेन्स कॅमेऱ्याशी बोलते, मी अमुक इतकी आहे हे स्वतःच सांगते. जुनी लेन्स मुकी. ती केवढी आहे ते आपण आकडा टाकून सांगावं लागतं. लेन्स जितकी लांब, तितकं हाताचं हलणं चित्रात मोठं होतं, म्हणून सेन्सरलाही तितकं जास्त सरकावं लागतं. कौतिकभाऊला आठवलं, बन्सीलालने दुकानात लावलेली ती भलीमोठी जुनी लेन्स चारशेची होती, आणि तोच आकडा तसाच राहिला होता. "कॅमेऱ्याला वाटतंय तुम्ही चारशेची तोफ धरलीय. तुमच्या हातामुळे चित्र हलतं बोटभर, आणि हा उलटा ओढतो तीन बोटं. हे फोटो तुम्ही नाही हलवले, पप्पा. यानं हलवलेत."

तिने चारशेच्या जागी एकशेपस्तीस टाकलं. कौतिकभाऊने कॅमेरा उचलला आणि दारातल्या लताबाईचा फोटो काढला. तिच्या मंगळसूत्राचा मणी न्‌ मणी दिसत होता. इतके दिवस त्याने स्वतःला, घराला आणि केळीच्या ट्रकांना छळलं ते एका आकड्यासाठी, आणि तो आकडा बन्सीलाल सांगत असताना हा गडी हो हो करत होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो म्हणाला, "दुकानदारानं वहीत लिहून द्यायला नको का?" आणि जेवायचं ताट मागितलं.

पुढच्या आठवड्यात तो पहूरला गेला तो छाती काढून. स्टँड साक्षीने आणलाच होता, तो त्याने व्हॅनमध्येच ठेवायला लावला. तीच खिडकी, तोच उजेड, रुपचंदच्या त्याच सूचना. पहिला फोटो काढून त्याने पडद्यावर मोठा करून पाहिला. खिडकीची चौकट स्पष्ट. भिंतीतला खिळा स्पष्ट. पदराचा काठ, हनुवटीखालची मूठ, मुठीवरच्या शिरा, सगळं जागच्या जागी. आणि सुंदरबाईचा चेहरा हललेला.

त्याने दुसरा काढला, तिसरा काढला. भिंत स्थिर, चेहरा हललेला. तेव्हा कुठे त्याने डोळ्यापुढून कॅमेरा खाली घेतला आणि समोरच्या बाईकडे पाहिलं. तिची मान हलत होती. अगदी बारीक, नाही नाही म्हटल्यासारखी, न थांबता. हनुवटीखालची मूठ तिला आवरून धरायला होती. गेल्या खेपेला पण ती हललीच असणार. त्याला दिसली नाही, कारण तो स्वतःच्या हाताची पाळत ठेवून बसला होता. त्याला आधी बरं वाटलं, हे सांगितलंच पाहिजे. हा दोष आपला नाही, असं मनात येऊन तो सुटल्यासारखा झाला. मग त्या बरं वाटण्याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर तो नेहमीप्रमाणे चिडला. यंत्र फोटो काढणाऱ्याचा हात सांभाळतं. समोरच्याची मान ते कशी सांभाळणार, एवढी साधी गोष्ट, आणि ती आपल्याला सुचू नये!

त्याने रुपचंदला बाहेर पाठवलं. सुंदरबाईला सांगितलं की अक्का, हात खाली घ्या, पदर सोडा, बसा कशा बसता तशा. तिने सांगितल्याप्रमाणे केलं आणि मान मोकळी झाली. कौतिकभाऊने आधीच्याच संथ वेगाने एक फोटो काढला. मग साक्षीने सुचवलं म्हणून शटरचा वेग पुष्कळ वाढवून आणखी एक काढला. त्या वेगात मानेला हलायला वेळच मिळत नव्हता.

साक्षीने लॅपटॉप आणून दोन्ही फोटो मोठे करून सुंदरबाईपुढे ठेवले. रुपचंदही आत आला. वेगातल्या फोटोत सगळं काही स्थिर होतं, सुंदरबाईसुद्धा. मान एका बाजूला अर्धवट थांबलेली, ओठ मिटलेले, डोळे ताणलेले. संथ वेगाच्या फोटोत भिंत, पातळ, मांडीवरचे हात रेघ मारल्यासारखे ठळक होते आणि चेहऱ्याच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या विरघळलेल्या. पण डोळ्यांत हसू होतं, ते हललेलं असूनही कळत होतं. रुपचंदने लगेच वेगातल्या फोटोवर बोट ठेवलं. मागे जरा कमळ टाकता आलं तर बघा, असंही तो म्हणाला.

सुंदरबाईने डोळे बारीक करून तोच फोटो न्याहाळला. "हाई कोन शे?"

"आई, तूच आहेस."

"हाई मी नही. हाई बाई त कोर्टमा उभी शे आशी दिखस." मग तिने हललेल्या फोटोवर बोट टेकवलं. "हाई मी. मनी मान हालस, हाई बठ्ठा पहूरले मालूम शे. थांबेल मानना फोटू लावशात त नातवंडं इचारतीन, हाई कोन डोकरी?"

रुपचंदने पुष्कळ समजावलं. कौतिकभाऊही कळवळून मध्ये पडला. इतकी वर्षं ज्याच्या त्याच्या फोटोतलं हलणं काढण्यात गेली, आणि आता गुरुजींच्या फोटोशेजारी, ज्या भिंतीने आपलं नाव केलं त्या भिंतीवर, हललेला फोटो? तो काकुळतीला येऊन म्हणाला, "अक्का, असा फोटो लावला त लोकं म्हनतीन, कौतिकचा हात गेला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिची मान तशीच हलत होती.

"मंग? गया ना? मी देखं तुना हात." मग गुरुजींच्या फोटोकडे बोट करून ती म्हणाली, "त्याना फोटूखाले तुनं नाव शे. मनाखाले बी टाकजो."

परतीच्या वाटेवर कौतिकभाऊने रुपचंदला, म्हाताऱ्या माणसांच्या हट्टाला, बन्सीलालला आणि वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला बोल लावले. स्टुडिओत फोटो मोठा करून झाल्यावर साक्षीने विचारलं की कोपऱ्यात नाव टाकू का. न टाकता दिला असता तरी चाललं असतं. म्हातारीला कुठे वाचता येतंय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग तो म्हणाला की विचारतेस काय, सांगितलंय ना त्यांनी, टाक.

फ्रेम लावायला तो स्वतः गेला. खिळा रुपचंदने ठोकला, कारण हातोडी कौतिकभाऊने धरली असती तर भिंतीची चाळण झाली असती. फोटो लागला. खाली सुंदरबाई येऊन बसली आणि जमलेल्यांना चहा देण्याबद्दल सुनेला सूचना देऊ लागली. शेजारचा भिकन फोटो बघायला आला होता. तो कौतिकभाऊला ओळखत नव्हता. त्याने गुरुजींचा फोटो पाहिला, मग हा पाहिला, मग पुन्हा गुरुजींचा.

"तो कसा झ्याक आला," भिकन म्हणाला. "हा हालेल हाये ब्वा. कोनं काढला?"

आणि तो कोपऱ्यातलं नाव वाचायला वाकला.

कौतिकभाऊच्या जिभेवर सगळं तयार होतं. नीट बघ, मागचा खिळा बघ, काठ बघ, हात बघ, एक तरी हललाय का? फोटो हललेला नाही, हलतेय ती मान, आणि ती तशी दिसतेय ती माझ्या लेन्समुळे, माझ्या कॅमेऱ्यामुळे, बरोबर टाकलेल्या आकड्यामुळे. दोन वाक्यांत भिकनचं तोंड बंद झालं असतं. त्यासाठी फक्त फ्रेमखाली बसलेल्या बाईच्या मानेकडे बोट दाखवावं लागलं असतं.

त्याने उजवा हात खिशातून काढला, तो हलत होता तसा हलू दिला, आणि रुपचंदच्या बायकोने पुढे केलेला भरलेला कप घेतला. थोडा चहा सदऱ्यावर सांडला.

"म्या काढला," तो म्हणाला.